कोपीवरच्या बाळाची नोंद कुणाकडं?

दिवाळी सरली की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवच्या शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, धाराशिवकडची ही माणसं कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत इथंच असतात. त्यांची तान्ही मुलंही.

आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी याच भागात झाली. कोपीवर लस घेऊन गेलं, की कार्ड मागायचं. उत्तर ठरलेलं : "सिस्टर, कार्ड गावाकडं सासूपाशी राहिलं." आई सांगणार, मांडीत दोनदा टोचलंय. आता पेंटा एका मांडीत आणि न्यूमोनियाची लस दुसऱ्या मांडीत, एकाच दिवशी देतात. मग दोन सुया म्हणजे एक खेप की दोन? एवढ्यावरून बाळाचा पुढचा डोस ठरवायचा, हे बरोबर नाही.

याला उत्तर आहे. कोरोनात कोविनवर कुठल्याही गावी घेतलेल्या डोसाची नोंद कुठंही दिसत होती. त्याच धर्तीवर बाळांसाठी आणि गरोदर मातांसाठी यू-विन हे पोर्टल आलं. बीडला दिलेली लस इंदापुरात दिसू शकते. अट एकच, नोंद दोन्हीकडं वेळेवर व्हायला हवी.

सिस्टरची तक्रारही खरी आहे. दिवसभर लसीकरण, रात्री रजिस्टर, त्यावर पुन्हा पोर्टल. तीच माहिती दोनदा लिहायला लावली, तर ॲप ओझंच वाटणार. म्हणून ऑनलाइन नोंद झाली, की तेवढं रजिस्टर अधिकृतपणे बंद करा. भरलेल्या माहितीतून लस चुकलेल्या बाळांची यादी दर आठवड्याला सिस्टरच्या आणि आशाताईंच्या हातात द्या. माहिती नुसती वरच जात राहिली, तर ती भरण्यात जीव कसा लागेल?

कारखान्यांनीही हातभार लावावा. कोणती टोळी कुठं उतरली, हे मुकादमाकडून त्यांना कळतंच. गळीत सुरू होताच ती यादी आरोग्य केंद्राला द्यावी. नोंदीत मुकादमाचा नव्हे, आईचा मोबाइल नंबर असावा.

खेड्यात हे जमत नाही, असं कुणी म्हणू नये. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून घरोघरच्या आरोग्याच्या नोंदी ठेवतंय.

२०२२च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला, तेव्हा लस चुकलेल्या मुलांनाच त्याची झळ जास्त बसली. अशी मुलं साथ यायच्या आधी सापडायला हवीत. येत्या हंगामापासून इंदापूर-बारामतीत हे सुरू करा.