पाच गुणांचा अनुच्छेद

म्हैसूर महानगरपालिकेची शेवटची सार्वत्रिक निवडणूक ३१ ऑगस्ट २०१८ रोजी झाली. पासष्ट प्रभागांतून निवडून आलेल्या त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. आज बी. ए.च्या पहिल्या वर्षाला राज्यशास्त्र घेऊन बसलेली विद्यार्थिनी त्या निवडणुकीच्या वेळी दहा-अकरा वर्षांची होती. अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो हे तिला शाळेपासून ठाऊक आहे. आपल्या प्रभागासाठी तो वापरण्याची संधी मात्र तिला एकदाही मिळालेली नाही. तरीही संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू वर पाच गुणांची टीप लिहायला सांगितली, तर ती चार गुण सहज मिळवील. नगरपालिकेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. मुदतीपूर्वी विसर्जन झाल्यास सहा महिन्यांच्या आत. हे सारे तिला तोंडपाठ असते.

मी राहतो ते विजयनगर हे म्हैसूरच्या वायव्येला टप्प्याटप्प्याने वाढत गेलेले उपनगर आहे. मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर येथून जवळ असल्याने निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक यांच्या घरांच्या वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्यांतून विद्यार्थी राहतात. कर्नाटकात इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयगटाला ‘एचईपी’ म्हणतात. हा गट घेतलेली काही मुले अधूनमधून माझ्याकडे पुस्तके न्यायला येतात. त्यांतील एका मुलीला मी मध्यंतरी विचारले, की आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण? सध्या कुणी नाही, असे तिने बरोबर सांगितले. मग तुमच्या त्या अनुच्छेदाचे काय झाले, असे विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, ते उत्तरात लिहायचं असतं का?”

तिच्या या प्रश्नात तिचा काहीच दोष नाही. राज्यशास्त्राची तोंडओळख म्हणून आपल्या देशात जे शिकवले जाते, त्याची ठेवण अनेक दशके फारशी बदललेली नाही. राज्य म्हणजे काय, त्याचे चार घटक कोणते, सार्वभौमत्वाची बोदँ आणि ऑस्टिन यांची मांडणी, गार्नर, गेटेल आणि लास्की यांच्या व्याख्या, मग स्वातंत्र्य, समता, न्याय. दुसऱ्या बाजूला संविधानाची सक्तीची अभ्यासपत्रिका असते, तीत अनुच्छेदांचे क्रमांक येतात. या दोन पत्रिकांची एकमेकींशी गाठ पडत नाही आणि शहराशी तर दोघींचीही पडत नाही. व्याख्या नकोत, असे माझे म्हणणे नाही. संकल्पनेवाचून निरीक्षण म्हणजे वर्तमानपत्रातील बातम्यांची कात्रणे, एवढे इतिहासाच्या विद्यार्थ्याला कळते. पण संकल्पना कशासाठी जन्माला आली हे न सांगता ती पाठ करून घेणे हा अभ्यास नव्हे, आणि म्हैसूरसारख्या शहरात तर त्याला सबबही नाही.

‘प्रातिनिधिक शासन’ आणि ‘जबाबदार शासन’ या दोन संकल्पनांतील फरक हा पहिल्या वर्षाचा नेहमीचा प्रश्न आहे. मार्च १८८१ मध्ये ब्रिटिशांनी म्हैसूरचे राज्य वाडियार घराण्याकडे परत दिले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सुमारास, दिवाण रंगाचार्लू यांच्या पुढाकाराने म्हैसूर प्रतिनिधी सभेची पहिली बैठक भरली. १४४ सदस्य होते. जमीनदार आणि व्यापारी यांच्यातून ते स्थानिक अधिकाऱ्यांनी निवडलेले होते. कायदा करण्याचा अधिकार या सभेला नव्हता. दिवाणाने वर्षाच्या कारभाराचा आढावा वाचायचा आणि सदस्यांनी आपली गाऱ्हाणी मांडायची, इतकेच तिचे काम. १८९१ पासून सदस्य निवडून येऊ लागले, तेही मर्यादित मताधिकारावर. १९०७ मध्ये कायदे परिषद आली. १९२३ मध्ये प्रतिनिधी सभेला कायद्याचे अधिष्ठान लाभले. तरीही दिवाण महाराजांना जबाबदार राहिला, सभेला नव्हे. प्रतिनिधित्व होते, उत्तरदायित्व नव्हते. ते मिळवण्यासाठी स्वातंत्र्यानंतरही, १९४७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ‘म्हैसूर चलो’ची चळवळ करावी लागली आणि मगच के. सी. रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर आले.

हा सहासष्ट वर्षांचा प्रवास एका तासात सांगता येतो. दुसऱ्या तासाला विचारावे, की आज या शहराचा कारभार दोहोंपैकी कोणत्या प्रकारात बसतो? रंगाचार्लूंना निदान १४४ माणसांसमोर उभे राहून हिशेब द्यावा लागे. आजच्या प्रशासकासमोर शहरातर्फे बसणारे कुणी नाही. अर्थसंकल्प मांडणारे आणि मंजूर करणारे, दोन्ही हात शासकीय सेवेतलेच असतात. मी त्या सेवेत आयुष्य घालवले आहे आणि प्रशासकाची खुर्ची किती सुखाची असते हे मला माहीत आहे. ठराव अडत नाही, सभेत कुणी माइक ओढत नाही, नालेसफाईच्या निविदेवर रात्रीपर्यंत चर्चा रंगत नाही. कुक्करहळ्ळी तलावाभोवती सकाळी फिरायला येणारे माझे समवयस्कही सांगतात, की नगरसेवक नसल्यापासून बरे चालले आहे. त्यांचे म्हणणे सरसकट खोटे नाही. नगरसेवकांच्या कारभाराचा अनुभव कुणाला नाही? पण रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर या मंडळींपैकी एखादा निवृत्त सचिव थेट आयुक्तांना दूरध्वनी करू शकतो; पलीकडच्या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या बाईला नगरसेवकाचे दार हेच एकमेव दार होते. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्गात चर्चा व्हावी ती या फरकाची.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे परिचित वाटेल. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा तेथील प्रशासकराजाला तीन वर्षे उलटून गेली होती. राज्यातील इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा त्याच रांगेत होत्या. बंगळुरूतील सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. २०२५ मध्ये त्या महापालिकेचे पाच महापालिकांत विभाजन झाले, पण मधल्या पाच वर्षांत निवडणूक झाली नाही. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची मर्यादा बंधनकारक असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले होते. मग हे घडते कसे? प्रभागरचना, आरक्षणाची यादी, त्यावरील याचिका, हद्दवाढीचा प्रस्ताव आणि पुन्हा नवी प्रभागरचना, अशा क्रमाने ते घडते, आणि प्रत्येक पायरी कागदावर कायदेशीर असते.

यातील आरक्षणाचा धागा मागे ओढला, तर तो पुन्हा म्हैसूरलाच येतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी रिक्त होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली गेली. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे पुणेकरांना जवळचे वाटणारे विश्वेश्वरय्या तेव्हा दिवाण होते. नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात ही त्यांची भूमिका होती, आणि महाराजांशी झालेल्या या मतभेदानंतर त्यांनी दिवाणपद सोडले. गुणवत्ता की प्रतिनिधित्व, हा वाद दोन प्रामाणिक माणसांत कसा होऊ शकतो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुढे ३१ जुलै १९६२ च्या आदेशाने म्हैसूर राज्य सरकारने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखीव केल्या, त्याला आव्हान मिळाले, आणि एम. आर. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण सर्वसाधारणपणे पन्नास टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ती मर्यादा पक्की केली. मराठा आरक्षणाचा कायदा मे २०२१ मध्ये तिच्यावरच अडला. त्याच वर्षी मार्चमध्ये विकास गवळी प्रकरणात स्थानिक संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला तिहेरी कसोटी आणि हीच मर्यादा लागू झाली, आणि त्यातून सुरू झालेल्या गुंत्यात महाराष्ट्रातील निवडणुका लांबत गेल्या. म्हणजे नागपूर किंवा नाशिकच्या महाविद्यालयातील मुलीला आपल्या शहराची निवडणूक का रखडली हे समजून घ्यायचे असेल, तर तिला म्हैसूरच्या एका आदेशापर्यंत यावे लागेल.

प्राध्यापकांना हे ठाऊक नाही असे नव्हे. ते वर्गात बोलत नाहीत, याची कारणे आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांच्या मार्गदर्शनाखाली एनसीईआरटीने राज्यशास्त्राची जी पुस्तके काढली, त्यांत उन्नी आणि मुन्नी ही दोन पात्रे मजकुराला मध्येच अडवून आगाऊ प्रश्न विचारीत. प्रश्न विचारणे हाच विषय आहे, ही त्यामागची भूमिका होती. मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. डॉ. आंबेडकरांच्या चित्रणाने अनेकजण दुखावले होते आणि त्यांच्या आक्षेपाचा विचार व्हायलाच हवा होता. पण दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिल्यानंतर पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली, तिचे समर्थन कसे करणार? जे पुण्यात एका नामवंत प्राध्यापकाच्या वाट्याला आले, ते पाहून तालुक्याच्या गावातला अध्यापक काय शिकला असेल? कर्नाटकातील सरकारी पदवी महाविद्यालयांची मोठी भिस्त अतिथी व्याख्यात्यांवर आहे, महाराष्ट्रात ती तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर. पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने आमदारांच्या शहरात निवडणूक का होत नाही याची चर्चा वर्गात घडवावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तो गार्नरची व्याख्या सांगतो आणि घरी जातो.

अभ्यासक्रमाच्या चौकटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कर्नाटकाने २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४ मध्ये, राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम शिफारशीनंतर, ती पुन्हा तीन वर्षांची केली. (या आयोगाचे अध्यक्ष महाराष्ट्राचे सुखदेव थोरात. २०१२ च्या वादानंतर पाठ्यपुस्तकांतील व्यंगचित्रे तपासणाऱ्या समितीचेही तेच अध्यक्ष होते.) वर्षे वाढली काय, घटली काय, पहिल्या पत्रिकेतील घटक जवळपास तेच राहतात. त्यातच स्पर्धा परीक्षांचे वजन आहे. विजयनगरातील अभ्यासिकांत रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या मुलांच्या टेबलावर राज्यव्यवस्थेचे एकच जाडजूड मार्गदर्शक पुस्तक असते. ते वाईट पुस्तक नव्हे, पण ते लिहिले आहे ते परीक्षेसाठी. आणि महाविद्यालयाची पत्रिकाही आता त्याच्याचसारखी दिसू लागली आहे. ज्या सेवेत ही मुले जाऊ पाहतात, तेथे पहिल्या पाच वर्षांतच त्यांच्यापैकी काहींना एखाद्या नगरपालिकेचे प्रशासक नेमले जाईल.

नव्या आयोगाची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सध्या बहुतेक ठिकाणी पाठांतराच्या छोट्या चाचण्यांवर आणि एकमेकांच्या उतरवून काढलेल्या वह्यांवर वाटले जातात. त्याऐवजी पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या स्थानिक संस्थेचा दहा पानांचा वृत्तांत लिहावा: शेवटची निवडणूक कधी झाली, मुदत कधी संपली, प्रभागरचनेच्या अधिसूचना किती वेळा निघाल्या, न्यायालयाने काय म्हटले, या काळात अर्थसंकल्प कुणी मंजूर केला. राजपत्रे उपलब्ध आहेत, निकाल उपलब्ध आहेत. यात कुणा नेत्याचे नाव घ्यावे लागत नाही, त्यामुळे अतिथी व्याख्यात्याच्या नोकरीलाही धक्का नाही. जे कागद सहजी मिळत नाहीत, त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्याचे शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. सत्र त्याहून बरेच लांब असते.