आधी राख तपासा, मग वाटा

‘राखेचा शंभर टक्के वापर झाला की प्रश्न मिटला’ असे तिरोड्याच्या 3,300 मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाबद्दल सर्रास म्हटले जाते. मला हे साफ अमान्य आहे. डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने सगळी राख वापरण्याचे बंधन वीजकेंद्रांवर घातले, ते योग्यच झाले. पण त्या हिशेबात सिमेंटमधली राख आणि सखल जागेत नुसती ओतलेली राख सारखीच धरली जाते. राखेत होते काय, हे कुणी विचारत नाही.

वाळलेल्या राखेच्या ढिगावरून लोहचुंबक फिरवा. बारीक काळे कण चिकटून येतात, ते लोहाच्या ऑक्साइडचे. उरलेल्या राखेत साधारण पाव हिस्सा अ‍ॅल्युमिना असतो, शिवाय थोडे गॅलियम, स्कँडियम आणि दुर्मिळ मृदा धातू. कोळसा जळाला तरी हे जळत नाहीत, राखेत एकवटतात.

‘टनामागे काहीशे ग्रॅम धातू, परवडणार कसा?’ आज एकट्या त्या धातूसाठी नाहीच परवडणार. चीनने इनर मंगोलियात राखेतून अ‍ॅल्युमिना काढला, पण तिथल्या राखेत तो 40 टक्क्यांच्या वर आहे. आपल्या राखेत सिलिका जास्त. मात्र खाणीत सर्वाधिक वीज खाणारे काम म्हणजे दगड फोडून दळणे, आणि राख तर मुळातच पिठासारखी. शिवाय न परवडणारे कायम तसेच राहत नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्गला इंग्रजांच्या काळी भारी मँगनीज निर्यातीला गेले, हलके ढिगाऱ्यावर पडले. पुढे धुऊन-चाळून असल्या हलक्या मालालाही गिऱ्हाईक मिळाले, कारण ढिगारे जागेवर होते. रस्त्याच्या भरावात गेलेली राख कोण उकरणार?

आम्ल वापरून धातू काढला तर विषारी गाळ उरेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यात तो गाळ नकोच. म्हणून मी आज कारखाना मागत नाही, तपासणी मागतो. राखेचा प्रत्येक मोठा साठा तपासावा, धातू जास्त असलेली राख वेगळी, झाकून ठेवावी. नागपूरला जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही तिथेच. जानेवारी 2025 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानात फ्लाय अ‍ॅशमधून खनिजे मिळवण्याचाही समावेश आहे. तपासणीचा अहवाल मराठीत तिरोडा तालुक्यातल्या ग्रामसभांपुढे यावा, आणि तो येईपर्यंत सखल जागा भरायला राख देणे थांबवावे.