रात्रीच्या पहाऱ्याचा हिशेब

महाडजवळच्या बिरवाडीचें नांव आमच्या सर्वच वाचकांस ठाऊक असेल असें नाहीं. परंतु वैद्यकशास्त्र या गांवाचें ऋणी आहे. १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावसकर हे तरुण डॉक्टर येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्या काळीं कोंकणांत लाल विंचवाचा दंश पुष्कळदां प्राणावर बेते. आधीं घाम व वांत्या, मग हातपाय गार, आणि कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडे. रोग्यांच्या उशाशीं रात्री जागून त्यांनीं हा क्रम टिपला व १९८२ सालीं तो 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध केला. पुढें १९८६ सालीं प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीचा गुण त्यांनीं व डॉ. प्रमोदिनीबाईंनीं मांडला, आणि शेंकडा चाळिसांच्या घरांतील मृत्यु एकावर आले.

ही गोळी एकदां देऊन मात्र भागत नाहीं. हातपाय ऊबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनीं द्यावयाची, मधून मधून नाडी पाहावयाची. आतां प्रतिविषही मिळतें. पहारा सुटलेला नाहीं.

या कथेचें तात्पर्य आमच्या घरांतून भलतेंच निघतें. "तेव्हांचे डॉक्टर रात्र रात्र जागत, आणि आतांचीं पोरें तास मोजतात!" असें वडीलधारी मंडळी सहज बोलून जातात. एका पुरुषाचें व्रत हें सरकारी खात्याचें वेळापत्रक कसें होईल? छत्तीस तास उभ्या असलेल्या निवासी डॉक्टराला पहांटेच्या गोळीची आठवण राहील, या भरंवशावर आपला रोगी आपण सोंपवितों काय?

नियम नाहींत असें नाहीं. केंद्र सरकारनें १९९२ सालींच सलग १२ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत तिच्या जागीं 'वाजवी तास' एवढाच शब्द उरला, आणि २०२४ सालीं आयोगाच्याच कृतिदलानें ७४ तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांत आंकडा वाढला! आणि वाजवी कोणाच्या मतें? हजेरीपट ज्या रुग्णालयानें लिहावयाचा, तेंच तो तपासणार असेल तर तो कोरा असलेला काय वाईट?

सरकारी तपासनीसानें हजेरीपट व रोग्याचा रात्रीचा तक्ता हे दोन्ही शेजारीं ठेवून वाचावे. ज्या तक्त्यांत बारा, तीन आणि सहाच्या नोंदी एकाच बैठकींत भरलेल्या दिसतील, त्या रात्रीं पाळीवर कोण होता आणि तो केव्हांपासून जागा होता, हें त्यानें प्रथम विचारावें.