कुटार, तणस आणि मेंढीचे पोट

वरोरा तहसिलीत रब्बीची मळणी उरकली, की धुऱ्याधुऱ्यावर गव्हाच्या, हरभऱ्याच्या कुटाराचे ढीग पडतात. त्यांतील कितीतरी काडी लावून भस्म केले जातात, आणि नेमक्या त्याच सुमारास, रानचा हिरवा पाला आटल्यामुळे, कुरमार व धनगर बांधवांचे कळप उघड्या वावरांतून चाऱ्यासाठी वणवण करीत असतात. ही नासाडी मला असह्य वाटते. तथापि मेंढीपुढे वाटेल ती काडी टाकली म्हणजे तिचे पोषण झाले, हेही मला मान्य नाही.

दाणा पक्व होताना रोपातील सत्त्व त्यात उतरते आणि काडीत मुख्यतः कठीण तंतूच उरतात. गव्हाच्या कुटारात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के; ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडील धानाच्या तणसाचीही तीच अवस्था, शिवाय त्यातील सिलिका पचनात अडथळा आणते. मेंढीच्या कोठीपोटातील जे सूक्ष्मजीव हे तंतू पचवितात, त्यांनाच चाऱ्यातून सुमारे 7 टक्के प्रथिने मिळाली नाहीत, तर चारा पोटात रेंगाळतो, मेंढी कमी खाते आणि भरल्या पोटी खंगत जाते. पाच महिन्यांच्या गाभणकाळातील अखेरच्या दीड महिन्यात, गर्भ झपाट्याने वाढत असताना, तिला निव्वळ तणसावर ठेवणे मी अन्यायच समजतो.

तुरीच्या, हरभऱ्याच्या कुटारात पाला व शेंगांची टरफले असल्याने ते अधिक सकस असते. मेंढी हा पाला व टरफलेच वेचून खाते, म्हणून हे कुटार सढळ हाताने घालावे व उष्टे गुरांकडे वळवावे. गव्हाच्या कुटाराला सुबाभळीच्या पाल्याची किंवा थोड्या सरकीच्या ढेपेची जोड हवी. तणसाच्या 100 किलोंवर 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पुरता विरघळवून शिंपडावा आणि ते दाबून, हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवावे. त्याने प्रथिनांचे मान जवळपास दुप्पट होते. उग्र वास उडाल्यावरच ते मोठ्या मेंढ्यांना थोडे थोडे द्यावे, कोकरांना मुळीच नाही. युरियाचे पाणी जनावराने प्यायल्यास ते प्राणघातक ठरते.

वरोऱ्याच्या शेतकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की कुटाराला काडी लावण्यापूर्वी शिवारात उतरलेल्या मेंढपाळाला बोलवा, ते त्याच्या हवाली करा आणि मोबदल्यात चार रात्री त्याच्या मेंढ्या खतासाठी आपल्या वावरात बसवून घ्या.