ट्रॉलीचा भार व गिअरबॉक्सची उष्णता

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत मांजरसुंब्याचा घाट चढताना चालक समोरच्या तापमापकाकडे पाहून निश्चिंत असतो. परंतु तो काटा इंजिनातील पाण्याचे तापमान दाखवितो, गिअरबॉक्समधील तेलाचे नव्हे. अतिभाराने ते तेल तापून पातळ होते आणि दात एकमेकांवर घासू लागतात. अनेक ट्रॅक्टरांत हेच तेल हायड्रॉलिकलाही पुरविले जात असल्याने नुकसान दुहेरी होते. हंगामात डिपस्टिकने तेलाची पातळी वरचेवर पाहावी. तेल काळवंडल्यास वा करपट वास आल्यास ठरलेले तास भरण्याची वाट न पाहता ते बदलावे. आमच्या मते चढावर दुसरी ट्रॉली जोडूच नये. एक खेप वाढली तरी चालेल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गळीत हंगामापूर्वीच गावोगावी ही तपासणी करवून घ्यावी.