रेल्वेच्या संगणकात बीडच्या माणसाची नोंद कुठे आहे?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुरू झाली. अहिल्यानगर-बीड-परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला होता. तेव्हा खर्चाचा अंदाज ३५३ कोटी रुपये होता. आता तो ४,८०५ कोटींवर गेला आहे आणि त्यातला निम्मा भार राज्य सरकारवर आहे. तीस वर्षांत बीडमध्ये एक पिढी जन्मली, शिकली, एसटीने आणि ट्रॅव्हल्सने पुण्या-मुंबईला कामाला गेली, तेव्हा कुठे गाडी बीडपर्यंत आली. हे लिहिताना परळीपर्यंतचा मार्ग अजून पूर्ण व्हायचा आहे.

याच तीस वर्षांत भारतीय रेल्वे संगणकाच्या बाबतीत फार पुढे गेली. २००२ मध्ये आयआरसीटीसीचे ऑनलाइन तिकीट आले. आज आरक्षित तिकिटांपैकी ८० टक्क्यांहून जास्त तिकिटे ऑनलाइन निघतात. १ जुलै २०२५ रोजी सगळ्या सेवा एकाच ठिकाणी देणारे 'रेलवन' ॲप आले. डिजिटल इंडियाच्या प्रत्येक भाषणात रेल्वेचे उदाहरण असते. मित्रांनो, या आधुनिकीकरणाचे आम्हीही स्वागत करतो. पण आंबेडकरी माणूस स्वागत करून थांबत नाही, तो हिशेब मागतो. हा संगणक कोणाला मोजतो? आणि कोणाला मोजतच नाही?

आधी परळीकडे बघा. दक्षिण मध्य रेल्वेचे परळी वैजनाथ स्टेशन बीड जिल्ह्यातच आहे. दोन गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून जी 'कवच' यंत्रणा देशात बसवली जात आहे, ती सर्वात आधी दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरवर बसली. त्यात परळीवरून जाणारा बीदर-परभणी हा २४१ किलोमीटरचा मार्ग आहे. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला देशातली सर्वात नवी सुरक्षा यंत्रणा आली, तेव्हा जिल्ह्याच्या मुख्य शहरात प्रवासी गाडी आलेली नव्हती. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा कोळसा रेल्वेने येतो. मालगाड्यांसाठी रेल्वेची 'फॉइस' नावाची संगणक प्रणाली आहे. कोणती मालगाडी कुठे उभी आहे, किती वाघिणी भरल्या, किती रिकाम्या झाल्या, हे तिच्यात दिसते. परळीला येणाऱ्या कोळशाचा ठावठिकाणा संगणकाला ठाऊक असतो. याच जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंनी बाहेर पडणाऱ्या माणसांचा मात्र नसतो.

कोळशाला मागणी आहे म्हणून नोंद आहे, असे कोणी म्हणेल. मग माणसांची मागणी कशी मोजतात ते पाहू. जादा गाड्या का सोडत नाही, असे संसदेत विचारले की रेल्वेचे ठरलेले उत्तर येते: आम्ही वेटिंग लिस्टवर सतत लक्ष ठेवतो आणि गरजेप्रमाणे विशेष गाड्या सोडतो. ऐकायला हे शास्त्रीय वाटते. पण वेटिंग लिस्टमध्ये येण्यासाठी आधी आरक्षित तिकीट मागावे लागते. ते मागण्यासाठी तुमच्या स्टेशनवरून आरक्षणाची गाडी सुटावी लागते. बीडला आलेली गाडी डेमू आहे. तिच्यात आरक्षण नाही, म्हणून तिची वेटिंग लिस्टही नाही. बीडहून मुंबईला जाणारा माणूस जालना किंवा अहिल्यानगरहून तिकीट काढतो, तेव्हा त्याची मागणी जालन्याच्या किंवा अहिल्यानगरच्या खात्यावर चढते. तो ट्रॅव्हल्सने गेला तर कोणाच्याच खात्यावर चढत नाही. संगणकाच्या लेखी बीडला मुंबईची गाडी नकोच आहे. आधी गाडी द्यायची नाही आणि मग मागणी दिसत नाही म्हणायचे, हे चक्र संगणकाने तोडलेले नाही. त्याला आकड्यांचा आधार मात्र मिळवून दिला.

बीडचे हे दुखणे देशभरच्या जनरल डब्याचेही आहे. सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये सुमारे ६५१ कोटी प्रवासी विनाआरक्षित डब्यांतून गेले. यात मुंबईसारख्या शहरांतल्या लोकल आल्या हे धरूनही, आरक्षित प्रवाशांपेक्षा ही संख्या कितीतरी पट मोठी आहे. आरक्षित प्रवाशाचे नाव, वय, बर्थ, चढण्याचे आणि उतरण्याचे स्टेशन, सगळे संगणकात असते. जनरलचे तिकीटही आता संगणकच देतो, पण त्यावर बर्थ नसते, प्रवाशाचे नाव नसते आणि विक्रीला मर्यादाही नसते. डबा भरला म्हणून संगणक 'थांबा' म्हणत नाही. तिकीट काढूनही गर्दीमुळे चढता आले नाही अशी किती माणसे फलाटावर राहिली, याची नोंद कुठेच होत नाही. पैसे मोजले जातात, माणूस मोजला जात नाही.

ही माणसे कोण आहेत हे आंबेडकरी तरुणांना समजावून सांगायची गरज नाही. बांधकामावर जाणारे, हंगामी कामावर जाणारे, दवाखान्यासाठी मुंबई गाठणारे, परीक्षेला निघालेली पोरे. आणि दर डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा आपला समाज. महापरिनिर्वाण दिनाची तारीख १९५६ पासून ६ डिसेंबर आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा विजयादशमीला होतो, त्याची तारीखही आधीच ठाऊक असते. नागपूरहून, आदिलाबादहून विशेष गाड्या सुटतात हे खरे. पण त्या 'विशेष' का असतात? दरवर्षी ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या दिशेने, लाखो माणसे जाणार हे सांगायला कोणता सुपर कॉम्प्युटर लागतो? तरी संघटनांना निवेदने द्यावी लागतात, जादा डब्यांसाठी अधिकाऱ्यांच्या दारात जावे लागते. माहिती असून ती नियोजनात न घेणे, याला आम्ही तांत्रिक अडचण म्हणत नाही.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. दिवाळीच्या आसपास बीडमधून कोयता निघतो. नवरा, बायको, लेकरे, बैल, भांडीकुंडी ट्रक-ट्रॅक्टरवर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. हा संसार रेल्वेत मावणार नाही हे आम्हालाही कळते. पण मुद्दा वेगळा आहे. एवढे मोठे स्थलांतर देशाच्या कोणत्याही वाहतूक नियोजनात आकडा म्हणून येत नाही. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, सरकारच्या संगणकात प्रवास लिहिलेला नसतो.

आता काही जण म्हणतील, तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात. मुळीच नाही. बाबासाहेबांनी यंत्राला दोष देणाऱ्या गांधीवादी विचाराचा खरपूस समाचार घेतला होता. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांकडे जाऊ देणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. आम्हीही तेच म्हणतो. जुन्या काळी आरक्षणाची वही बाबूच्या हातात असायची. कोणाला जागा द्यायची हे ओळख, वशिला आणि चिरीमिरी ठरवायची. संगणकाने ती वही काढून घेतली हे चांगलेच झाले. डब्यांना जैव शौचालये बसली, म्हणून रुळांवर पडणारी घाण हाताने साफ करण्याची वेळ आपल्या माणसांवर येणे कमी झाले. त्यामागे सफाई कामगारांच्या चळवळीचा रेटा होता आणि २०१३ चा कायदा होता. माणसाची सुटका हे उद्दिष्ट समोर ठेवले की तंत्रज्ञान कामाला येते, हाच त्याचा धडा आहे.

पण यंत्र आले म्हणजे जात गेली, या भ्रमात राहू नका. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरला. इंजिनाने जात विचारली नाही. स्टेशन मास्तरने विचारली, आणि उत्तर कळताच बैलगाडी मिळेनाशी झाली. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतले वास्तव मांडले होते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातही राबावे लागते, आणि तिथे त्याचा विटाळ होतो.

आज गँगमनला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, ऊन-पावसात रुळावर चालणे बदलले नाही. गाडी येत असल्याची सूचना देणारी 'रक्षक' सारखी यंत्रे निघाली आहेत. ती प्रत्येक ट्रॅक मेंटेनरच्या हातात कधी येणार, हा आमच्या लेखी चकचकीत ॲपच्या आधीचा प्रश्न आहे. शिवाय संगणक आल्यावर नोकऱ्यांचे काय झाले तेही बघा. खिडकीवरचे काम मोबाइलवर गेले, उरलेले बरेचसे कंत्राटावर गेले. कंत्राटदाराला अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण लागू होत नाही. गँगमनच्या पोराने शिकून तिकीट क्लार्क व्हायचे, ही बाबासाहेबांच्या संविधानाने उघडलेली वाट होती. ती वाट आधुनिकीकरणाच्या नावाखाली अरुंद होत आहे. २०२५ मध्ये लेव्हल वनच्या ३२,४३८ पदांसाठी एक कोटीहून जास्त अर्ज आले, यावरून काय ते समजा.

या परीक्षा संगणकावर होतात आणि केंद्र बहुतेक वेळा दूरच्या शहरात येते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना परीक्षेला जाण्यासाठी स्लीपरचा मोफत प्रवास मिळतो. पण बीडच्या पोराला इतकी वर्षे गावात गाडीच नव्हती. सवलत कागदावर, खर्च खिशातून. ऑनलाइन तिकीट काढले तर नॉन-एसीला यूपीआयवर १० रुपये आणि कार्डावर १५ रुपये सुविधा शुल्क, वर जीएसटी. खिडकीवर हे शुल्क नाही, पण जवळ खिडकी आहे कुठे? १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधारशी जोडलेल्या खात्यावरूनच निघते. दलालांना आळा बसावा हा हेतू बरा आहे. पण ज्या घरात चौघांत एक मोबाइल आहे आणि आधारला जोडलेला नंबर कधीचा बंद पडला आहे, त्या घराने काय करायचे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, बीडहून पुणे आणि मुंबईला थेट गाडी हवी, आणि तिची गरज ठरवताना वेटिंग लिस्टऐवजी एसटी आणि ट्रॅव्हल्सने जाणाऱ्या प्रवाशांचे प्रत्यक्ष सर्वेक्षण करा.

दोन, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गाड्या दरवर्षीच्या नियोजनात कायमच्या घाला. निवेदनांची वाट बघू नका.

तीन, मोबाइल तिकीट आले म्हणून खिडकी बंद करू नका. रोख पैसे घेणारा माणूस प्रत्येक स्टेशनवर हवा.

चार, रेल्वेने कर्मचाऱ्यांच्या सेवा नोंदी एचआरएमएस प्रणालीत आणल्या आहेत. मग प्रत्येक विभागाची बिंदुनामावली, पदोन्नतीतला अनुशेष आणि कंत्राटावर गेलेल्या पदांची संख्या संकेतस्थळावर टाका. कर्मचाऱ्याची रजा एका क्लिकवर दिसत असेल, तर अनुशेष का दिसू नये?

तरुणांनो, चौथ्या मागणीसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क १० रुपये. परळीसाठी दक्षिण मध्य रेल्वेला, बीडसाठी मध्य रेल्वेला प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज जाऊ द्या. किती पदे मंजूर, किती भरली, किती राखीव, किती कंत्राटावर, एवढे चारच प्रश्न विचारा. आलेली उत्तरे एकत्र करा, त्यांचा तक्ता करा आणि तो तक्ता घेऊन खासदाराच्या दारात जा. मोबाइल आपल्याही हातात आहे. तो रील बघण्यात घालवायचा की व्यवस्थेची वही तपासायला वापरायचा, हे आपण ठरवायचे.

संगणक खोटे बोलत नाही, पण त्याला जे विचारले जाते तेवढेच तो सांगतो. आजवर प्रश्न त्यांनी विचारले. आता आपण विचारू.

जयभीम!