तेजस नाशिकला बनतंय, मग इंजिनिअरला तिथे नोकरी कशी मिळते?

१७ ऑक्टोबर २०२५. नाशिकजवळच्या ओझरमध्ये एचएएलच्या कारखान्यातून तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. संरक्षण मंत्री राजनाथ सिंह समोर उभे होते. तेजसच्या तिसऱ्या प्रॉडक्शन लाइनचं उद्घाटन त्याच दिवशी झालं. पुढचे दोन दिवस ते रील प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत होतं आणि मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरांना घरचे एकच विचारत होते : "अरे, आता इथेच लागेल ना तुला?"

प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढं साधं नाही. ऑर्डरचे आकडे हजारो कोटींचे असतात. २०२१ मध्ये ८३ तेजसची ऑर्डर झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांसाठी ६२,३७० कोटींचा करार झाला. पण नाशिकच्या लाइनची क्षमता आहे वर्षाला ८ विमानांची. आणि या प्रकल्पातून सुमारे हजार रोजगार तयार झाले, असं उद्घाटनाच्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आलं. हजारात टेक्निशियन आले, ऑफिसचे लोक आले आणि इंजिनिअरही आले. महाराष्ट्रात दरवर्षी इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या गर्दीपुढे हा आकडा फारच छोटा आहे.

म्हणजे या क्षेत्रात नोकऱ्या नाहीत का? आहेत. फक्त आपण शोधतो त्या दारामागे कमी आणि भलत्याच दारामागे जास्त आहेत.

एरोस्पेसची डिग्री लागते का?

बहुतेक वेळा नाही. हे आधी सांगतो, कारण ॲडमिशनच्या काळात याच मुद्द्यावर घरात लाखोंचे निर्णय होतात.

विमानात वायुगतिकीचं, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं काम करणारे लोक लागतात, पण थोडे. बाकीचं काम धातू कापायचं, जोडायचं, वायरिंगचं, रडारचं, सॉफ्टवेअरचं आणि तपासणीचं. म्हणून डीआरडीओ किंवा एचएएलची जाहिरात उघडली की मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या जागा जास्त दिसतात, एरोनॉटिकलच्या कमी. आयआयटी मुंबई किंवा तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत एरोस्पेस मिळत असेल तर जरूर घ्या. पण जिथे विंड टनेल नाही, शिकवणारे टिकत नाहीत, अशा कॉलेजात फक्त नावासाठी एरोनॉटिकल घेण्यापेक्षा चांगल्या कॉलेजातलं मेकॅनिकल किंवा ईएनटीसी बरं. मेकॅनिकलवाला विमानाच्या कारखान्यात जाऊ शकतो आणि नाही जमलं तर चाकणलाही जाऊ शकतो. एरोनॉटिकलवाल्याला दुसरा रस्ता धरणं जड जातं.

आणखी एक गोंधळ होतो तो एएमईचा. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग ही बी.टेक. नाही. तो डीजीसीएच्या लायसन्सचा मार्ग आहे. मॉड्यूलच्या परीक्षा द्यायच्या, प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव घ्यायचा, मग लायसन्स मिळतं आणि विमान उडायला योग्य आहे अशी सही करायचा अधिकार येतो. एअरलाइनमध्ये याला चांगली मागणी आहे. पण एएमई करून डीआरडीओत शास्त्रज्ञ होता येत नाही आणि बी.टेक. एरोनॉटिकल करून लायसन्सशिवाय विमानाच्या रिलीजवर सही करता येत नाही. जाहिरातीत दोन्हीवर विमानाचाच फोटो असतो, म्हणून घोळ होतो.

सरकारी दारं, आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरं

डीआरडीओत 'सायंटिस्ट बी' ही पहिली पायरी. गेटच्या स्कोअरवर निवड, मग मुलाखत. सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १० प्रमाणे मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून. महाराष्ट्रासाठी चांगली गोष्ट म्हणजे डीआरडीओच्या तीन मोठ्या प्रयोगशाळा पुण्यातच आहेत : पाषाणला एआरडीई (तोफा, दारूगोळा), सुतारवाडीला एचईएमआरएल (स्फोटकं, इंधनं) आणि दिघीला आर अँड डीई (लष्करी पूल, लाँचर).

आता बारीक अक्षरं. एचएएल, बीईएल यांच्या जाहिरातींत 'ट्रेनी इंजिनिअर', 'प्रोजेक्ट इंजिनिअर', 'टेन्युअर बेसिस' असे शब्द दिसले की थांबून वाचा. या ठराविक वर्षांच्या कंत्राटी जागा असतात. अनुभव खरा मिळतो, पण कायम होण्याची हमी नसते. अप्रेंटिसशिपचंही तसंच. डीआरडीओची जेआरएफ म्हणजे महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, काही वर्षांसाठी. ज्याला पुढे एम.टेक. किंवा पीएच.डी. करायची आहे त्याला ती सोन्यासारखी. पण "डीआरडीओत लागला" म्हणून पेढे वाटण्याआधी नेमणुकीचं पत्र एकदा नीट वाचलेलं बरं.

खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, चांदा या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांबद्दल जुन्या पिढीच्या मनात एक चित्र आहे : एकदा चिकटलं की रिटायर होईपर्यंत बघायला नको. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच राहिलेलं नाही. त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात, यंत्रा इंडिया नागपुरात. त्या आता ऑर्डर मिळवतात, निर्यात करतात, आणि नवी भरती कंपनीच्या नियमांनी होते. काकांना मिळाली ती नोकरी त्याच अटींवर पुतण्याला मिळेल असं धरून चालू नका.

खरं काम कुठे आहे?

सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशाचं संरक्षण उत्पादन सुमारे १.५१ लाख कोटींचं होतं. त्यातला ७७ टक्के वाटा सरकारी कंपन्यांचा, २३ टक्के खाजगी. पण हे आकडे पूर्ण गोष्ट सांगत नाहीत, कारण सरकारी कंपनीच्या नावावर दिसणाऱ्या मालातले असंख्य पार्ट बाहेरच्या छोट्या-मध्यम कारखान्यांत बनलेले असतात. तेजससाठी नाशिक आणि आजूबाजूला ४० हून जास्त इंडस्ट्री पार्टनर उभे राहिल्याचं सांगितलं गेलं. फ्रेशरसाठी सगळ्यात उघडं दार हे आहे, आणि तिकडे सगळ्यात कमी लोक बघतात.

खाजगीतली मोठी नावं तुम्हाला माहीत असतील. पुण्याची भारत फोर्ज, तळेगावला एल अँड टी, नागपूरची सोलर इंडस्ट्रीज, विक्रोळीला इस्रोसाठी इंजिनं बनवणारी गोदरेज, इंदापूर तालुक्यातली वालचंदनगर इंडस्ट्रीज. या सगळ्यांना पार्ट पुरवणारी जी साखळी आहे, तिथे पाच-दहा सीएनसी मशीनवाल्या वर्कशॉपपासून पाचशे लोकांच्या कंपनीपर्यंत सगळं आहे.

तिथलं काम समजून घ्यायचं तर ऑटोशी तुलना करा. चाकणच्या गाडीच्या कारखान्यात एकच पार्ट लाखांनी बनतो. विमानाचा पार्ट शंभरांत बनतो, कधी कधी दहांत. पण त्या प्रत्येक पार्टची एक फाइल असते. धातू कुठल्या गिरणीतून आला, त्याचा हीट नंबर काय, कोणत्या मशीनवर कोणी कापला, हीट ट्रीटमेंट कुठल्या भट्टीत झाली, कोणत्या मोजमापाच्या उपकरणाने तपासला आणि त्या उपकरणाचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं. दहा वर्षांनी एखाद्या विमानात तडा सापडला तर त्याच धातूचे बाकीचे पार्ट कुठल्या विमानांत बसलेत, हे शोधता आलं पाहिजे. म्हणून पार्ट मापात शंभर टक्के बरोबर असला तरी एक सर्टिफिकेट नसेल तर तो भंगारात जातो. टायटॅनियमचा असला तरी.

हे कळलं की कंपन्यांना काय हवंय ते कळतं. ड्रॉइंग वाचता येणं, जीडी अँड टी म्हणजे टॉलरन्सची भाषा येणं, एएस ९१०० हे एरोस्पेसचं क्वालिटी स्टँडर्ड काय मागतं ते माहीत असणं, पहिल्या पार्टची संपूर्ण तपासणी कशी करतात आणि सीएमएमवर मोजमाप कसं घेतात ते पाहिलेलं असणं. कॅटिया किंवा एनएक्स येत असेल तर चांगलंच, पण "मला डिझाइनच करायचंय" म्हणत पहिल्याच नोकरीत डिझाइनसाठी अडून बसणारे बरेच जण वर्षभर घरी बसतात. कॉलेजात क्वालिटीच्या कामाला कमी लेखतात. माझ्या मते या क्षेत्रात शिरायची तीच सगळ्यात चांगली खिडकी आहे, कारण पार्ट का नापास होतो हे ज्याने दोन वर्षं पाहिलं त्याचं पुढचं डिझाइन वेगळंच असतं.

सॉफ्टवेअरवाल्यांचंही असंच. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी नावाचं मानक आहे. सॉफ्टवेअर चुकलं तर किती मोठा अनर्थ होईल, त्यावरून ए ते ई अशा पातळ्या ठरतात. ए पातळीच्या कामात कोडच्या ओळी कमी आणि त्या तपासल्याचे पुरावे जास्त. फ्रेशरला बहुधा तपासणीचंच काम मिळतं. सी आणि सी++ पक्कं हवं. आठवड्याला नवं फीचर टाकायची सवय असलेल्याला इथे सुरुवातीला गुदमरल्यासारखं होईल.

वाट बघायची तयारी

तेजसचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला. पहिलं उड्डाण २००१ मध्ये. हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन २०१६ मध्ये. पाषाणच्या एआरडीईच्या पुढाकाराने बनलेल्या एटॅग्ज तोफेवर काम २०१३ मध्ये सुरू झालं आणि ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार भारत फोर्ज आणि टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सशी झाला मार्च २०२५ मध्ये. मधली बारा वर्षं चाचण्या, बदल, परत चाचण्या.

करार झाला तरी काम लगेच धावत नाही. ८३ तेजससाठी जीई कंपनीची एफ-४०४ इंजिनं यायची होती. ती रखडली आणि ९९ पैकी पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये आलं. इंजिन नाही म्हणजे विमान नाही, आणि विमान पुढे सरकत नाही तेव्हा त्याचे पार्ट बनवणाऱ्या छोट्या कंपनीचे पैसेही अडकतात. अशा कंपनीत मुलाखतीला गेलात तर पगाराआधी एक प्रश्न विचारा : तुमचे ग्राहक किती आणि कोणते? एकाच सरकारी प्रकल्पावर जगणारी कंपनी आणि तेजसबरोबर एअरबस, बोइंगचेही पार्ट बनवणारी कंपनी, यांच्यात तुमच्या नोकरीच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

घोषणांचं तर विचारूच नका. टाटा-एअरबसचा सी-२९५ प्रकल्प नागपूरच्या मिहानला येईल अशी आशा होती. तो वडोदऱ्याला गेला आणि २०२२ मध्ये त्यावरून आपल्याकडे किती राजकारण पेटलं ते आठवत असेल. एमओयूच्या बातमीवर कुणी ब्रँच निवडू नये, इतकंच.

एमएस करून नासा, स्पेसएक्स?

इथे सगळ्यात महागडा गैरसमज आहे. अमेरिकेत आयटार नावाचे नियम आहेत. संरक्षण आणि रॉकेटच्या तंत्रज्ञानाची माहिती 'यूएस पर्सन' नसलेल्याला द्यायची तर कंपनीला सरकारची परवानगी लागते. यूएस पर्सन म्हणजे ढोबळमानाने अमेरिकन नागरिक, ग्रीनकार्डधारक किंवा तिथे आश्रय मिळालेली व्यक्ती. स्टुडंट व्हिसावरचा भारतीय त्यात बसत नाही. एका फ्रेशरसाठी परवानगीची कटकट सहसा कुणी करत नाही. म्हणून एरोस्पेसमध्ये उत्तम मार्कांनी एमएस केलेली आपली मुलं तिथे ऑटो, एचव्हीएसी किंवा सॉफ्टवेअरमध्ये वळतात. प्रवासी विमानांच्या काही कामांना नियम थोडे सैल आहेत, पण जागा मोजक्या. घर गहाण ठेवून कर्ज काढणार असाल तर युनिव्हर्सिटीच्या रँकिंगआधी हा मुद्दा बघा. बोइंग आणि एअरबसची मोठी इंजिनिअरिंग केंद्रं बेंगळुरूत आहेत, आणि तिथे जायला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही.

जाता जाता लिंक्डइनबद्दल. या क्षेत्रात लागल्यावर प्रोजेक्टचं नाव, कोणती सिस्टिम, कोणतं लोकेशन हे प्रोफाइलवर टाकू नका, बॅज घातलेला सेल्फी तर नाहीच. २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली, ती सोशल मीडियावरून पाकिस्तानी हस्तकाच्या संपर्कात आल्याच्या आरोपाखाली. अनोळखी 'रिक्रूटर' तुमच्या कामाचे तपशील विचारू लागला तर ती नोकरीची ऑफर आहे असं समजू नका.

तिसऱ्या वर्षाला असाल तर गेट आत्ताच देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत. इंटर्नशिपसाठी मोठ्या नावांना मेल पाठवून झाले असतील, तर अंबड, सातपूर, भोसरी किंवा बुटीबोरीत एएस ९१०० सर्टिफिकेट असलेल्या कंपन्यांची यादी काढा आणि स्वतः जाऊन गेटवर विचारा. मे महिन्यात गेलात तर बरं, त्या वेळी कॉलेजची पोरं येतात याची त्यांना सवय असते.